दोरा बांधायला किती वेळ लागतो?

मथळा वाचून शिवणकामावर काहीतरी असेल असं वाटलं असेल, तर तसं काही नाही. आजचा विषय आहे स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि त्यानंतर हातात पडणारा रिपोर्ट. आपल्या घरातली मोठी मंडळीही इथे येऊन वाचतात याची मला कल्पना आहे. "हे काय चारचौघांत लिहायचं असतं का गं?" असं काकू म्हणणार, हेही माहीत आहे. पण काकू, चारचौघांत कुणी बोलत नाही म्हणून तर हे असं वर्षानुवर्षं चाललंय. तेव्हा आज लिहितेय, आणि जरा भांडायच्याच तयारीने लिहितेय.

नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे की मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सर्जन जे कापून काढतात ते बरणीत बंद होऊन आमच्याकडे येतं. ते मोजायचं, आमच्या मॅडम जे वर्णन सांगतील ते लिहून घ्यायचं, त्यांनी घेतलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पातळ काप काढून काचेवर रंगवायचे, हे माझं काम. निदान मॅडम करतात. बरण्या कुठून कुठून येतात! शहरातून तर येतातच, शिवाय अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, उमरगा, आणि सीमेपलीकडून इंडी. माझं भांडण या बरण्यांशी आहे.

का, ते कळायला थोडं तांत्रिक सांगावं लागेल. कंटाळू नका, भाजी निवडण्याइतकंच सोपं आहे.

स्तनात कॅन्सरची गाठ असेल तर ऑपरेशनचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, पूर्ण स्तन काढायचा. दोन, गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढायचा, बाकीचा स्तन ठेवायचा आणि नंतर रेडिएशन द्यायचं (आपल्याकडे पेशंट याला 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट' म्हणतात). दुसऱ्या प्रकारात सगळा खेळ कडेचा असतो. वांग्यातला किडका भाग आपण कापून टाकतो तेव्हा उरलेल्या वांग्यावर काळं काही राहिलं का ते बघतो ना? तसंच. फरक इतकाच की इथे कीड डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. आणि उरलेला स्तन पेशंटच्या अंगावर असतो, त्यामुळे तपासायचा असतो तो काढलेला तुकडा. त्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलाय का, एवढाच प्रश्न. डॉक्टर मंडळी याला 'मार्जिन' म्हणतात.

आता कापे काढल्यावर तुकड्याची खरी बाहेरची कड कोणती आणि आम्ही सुरी फिरवली ती कड कोणती, हे काचेवर कसं ओळखायचं? त्यासाठी कापण्याआधी पूर्ण तुकड्याला बाहेरून शाई लावतात. काळी, जलरोधक, चित्रकलेच्या दुकानात मिळते तसली. सहा बाजूंना वेगवेगळे रंग लावले तर आणखी उत्तम. शाई टिपून घ्यायची, वाळू द्यायची, मग ब्रेडच्या स्लाइससारखे काप करायचे. शाईची ती रेघ शेवटपर्यंत टिकते. काचेवर कॅन्सरच्या पेशी शाईला चिकटलेल्या दिसल्या तर मार्जिन बाधित, शाईपासून दूर असतील तर मोकळं.

किती दूर? यावर सर्जन लोक वर्षानुवर्षं भांडले. कुणी म्हणे एक सेंटिमीटर हवं, कुणी म्हणे पाच मिलिमीटर. शेवटी ३३ अभ्यासांतल्या २८ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून बघितली गेली, आणि २०१४ साली अमेरिकेतल्या सर्जन व रेडिएशन तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून सांगितलं की पसरणाऱ्या कॅन्सरसाठी शाईला कॅन्सर चिकटलेला नसला की पुरे. त्याहून रुंद कड घेतल्याने स्तनात पुन्हा कॅन्सर उद्भवण्याचं प्रमाण आणखी कमी होत नाही. शाईला चिकटलेला असेल तर मात्र तो धोका दुपटीच्या घरात जातो. (दूधनलिकेच्या आतच असलेल्या, डीसीआयएस नावाच्या प्रकाराला २ मिलिमीटर, असं २०१६ साली ठरलं.) म्हणजे जास्त कापणं म्हणजे जास्त सुरक्षित, हे गणितच चूक निघालं.

आणि आता दोरा. समजा रिपोर्ट आला की एका कडेला कॅन्सर शाईला चिकटलाय. कोणत्या कडेला? वरच्या? काखेकडच्या? छातीच्या स्नायूकडच्या? हे कळलं तर सर्जन नेमक्या त्या बाजूचं आणखी थोडं काढतील आणि विषय संपेल. न कळलं तर सगळंच धूसर. यासाठी ऑपरेशन टेबलावरच, तुकडा अजून सर्जनच्या हातात असताना, त्याला दोन दोरे बांधायचे असतात. आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या, म्हणजे काखेकडच्या बाजूला. या दोन बाजू आणि स्तन डावा की उजवा एवढं कळलं की उरलेल्या चारही बाजू आपोआप ठरतात. रेशमी दोरा थिएटरमध्ये असतोच, सुई असतेच, गाठ मारायला तर सर्जन लोक रोज सराव करतात. किती वेळ लागतो? एक मिनिट?

तर मंडळी, आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बरण्यांत हे दोन दोरे नसतात.

फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'ब्रेस्ट लंप'. डावा की उजवा, तेही कधी कधी फोन करून विचारावं लागतं. तुकडा दोन-तीन भागांत आलेला असतो. बरणी औषधांच्या गोळ्यांची, तोंड इतकं लहान की तुकडा कोंबून आत घातलेला, आणि फॉर्मॅलिन तळाला बोटभर! फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहा पट हवं आणि तुकडा तासाभराच्या आत त्यात पडायला हवा, नाहीतर चरबीने भरलेला तो ऊतक आतून खराब व्हायला लागतो. मग ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांवरही भरवसा राहत नाही, आणि पुढची सगळी औषधं तर त्यांच्यावरच ठरतात.

एक उदाहरण सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील पुसलेत. विडी वळणारी एक बाई, चाळिशीच्या आतबाहेरची. स्तनात सुपारीएवढी गाठ. एका छोट्या दवाखान्यात "साधी गाठ दिसते, काढून टाकू" म्हणून काढली. आधी सुईची तपासणी नाही, मॅमोग्राफी नाही. तुकडा आमच्याकडे आला तो दोराविना, दोन ठिकाणी चिरलेला (आत काय आहे ते बघण्याची उत्सुकता आवरली नसावी). निदान झालं कॅन्सर. आणि मार्जिनच्या रकान्यात मॅडमना लिहावं लागलं की सांगता येत नाही. दुसरं काय लिहिणार? चिरलेल्या तुकड्याची बाहेरची बाजू कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

पुढे काय झालं असेल ते ओळखा. नवऱ्याला आणि दिराला बाहेर बोलावून सांगितलं गेलं की मार्जिनचं काही कळत नाही, धोका नको, पूर्ण काढून टाकू. दोघांनी सही केली. बाईला नंतर सांगितलं. काही आठवड्यांनी तो पूर्ण स्तन आमच्याकडे आला. मॅडमनी जुन्या ऑपरेशनच्या खाचेभोवतीचे भरपूर तुकडे घेतले, मी काचा रंगवल्या. कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. घरच्यांना हा रिपोर्ट वाचून आनंद झाला, पेढे वाटले म्हणे! आनंद होण्यासारखं आहेच. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पहिल्याच वेळी सुईने निदान होऊन नीट ऑपरेशन झालं असतं, दोन दोरे असते, शाई लावता आली असती, तर बहुधा रेडिएशनवर भागलं असतं. त्या बाईचा स्तन रोगामुळे गेला असं मला म्हणवत नाही. रोग किती आहे हे कुणाला सांगता येऊ नये, अशी व्यवस्था आधी केली गेली.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "अहो, जीव महत्त्वाचा की स्तन? पूर्ण काढलेलं काय वाईट? एकदाच काय ते होऊन जातं." हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलंय, पेशंटच्या सासूकडून ऐकलंय, आणि आपल्या घरच्या लग्नात शिकल्यासवरल्या बायकांकडूनही ऐकलंय. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

हॉलस्टेड नावाच्या अमेरिकन सर्जनने १८९४ साली स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढण्याची पद्धत मांडली, आणि पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं तीच धर्मासारखी पाळली गेली. मग इटलीत मिलानला व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर तुलना केली. निम्म्यांचा पूर्ण स्तन काढला, निम्म्यांचा एक चतुर्थांश भाग काढून रेडिएशन दिलं. अमेरिकेत फिशर यांनी १९७६ पासून १८०० हून अधिक स्त्रियांवर तसाच अभ्यास केला. दोन्हींचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली एकाच वेळी प्रसिद्ध झाले. जगण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच! मिलानमध्ये स्तन राखलेल्यांत त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर उद्भवण्याचं प्रमाण ८.८ टक्के होतं, पूर्ण काढलेल्यांत त्या जागी २.३ टक्के. हा फरक आहे, लपवायचं कारण नाही. पण त्यामुळे जास्त बायका दगावल्या नाहीत. तेव्हा लहान गाठ असलेल्या बाईला 'जीव की स्तन' असा प्रश्न विचारणं म्हणजे तिला घाबरवून सही घेणं आहे.

"ते सगळं गोऱ्या बायकांचं, आपल्याकडे कुठे जमतं?" तर मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९८० ते २००० या वीस वर्षांत स्तन राखून उपचार केलेल्या १०२२ स्त्रियांचे निकाल २००६ साली छापले. दहा वर्षांनी ७७ टक्के हयात. याच देशातल्या, आपल्यासारख्याच बायका.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि त्याला मी मान देते. आपल्याकडच्या बायका उशिरा येतात, गाठ मोठी असते. बरोबर. पण मोठी गाठ आधी केमो देऊन लहान करता येते आणि मग पुष्कळ जणींना स्तन राखण्याचं ऑपरेशन शक्य होतं. तिथेही एक बारीक काम आहे. केमो सुरू करण्याआधी गाठीच्या जागी धातूची छोटी क्लिप बसवून ठेवायची, कारण गाठ विरघळून गेली तर सर्जनने कापायचं कुठे? सगळ्यांनाच हे शक्य नाही हेही मान्य. स्तनात दूर दूर अनेक ठिकाणी रोग असेल, दाहक प्रकारचा कॅन्सर असेल, रेडिएशन देता येत नसेल, तर पूर्ण काढणंच योग्य. आणि एखादी बाई सगळं समजून उमजून म्हणाली की मला पूर्णच काढायचंय, तर तो तिचा हक्क. माझं म्हणणं एवढंच की निर्णय तिचा आणि तिच्या रोगाचा असावा, बरणीचा नसावा.

तिसरा आक्षेप रेडिएशनचा. महिनोन् महिने मुंबईला कोण राहणार? पण मुंबईलाच जावं लागतं असं कुठाय? बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आता स्तनाच्या रेडिएशनचे पंधरा दिवसांचे, म्हणजे तीन आठवड्यांचे कोर्स सर्रास दिले जातात, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात निवडक रुग्णांना पाच दिवसांचा कोर्सही पुरेसा ठरला. खर्चाला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. अडचणी आहेत, पण विडी कारखान्यातून तीन आठवडे सुटी मिळण्याची अडचण ही सर्जनने न विचारता परस्पर सोडवायची नसते.

आता गंमत बघा. परिषदांमधून डॉक्टर येतात ते मशीनच्या गोष्टी घेऊन. कड तपासणारी विजेवर चालणारी सळई (अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाली), पेशी चमकवणारं औषध आणि कॅमेरा (तेही २०२४ साली मंजूर झालं). असतील चांगली, नाही म्हणत नाही. पण ज्या थिएटरमधून दोऱ्याशिवाय बरणी निघते तिथे हे मशीन आणून काय पूजा करायची?

साधे उपायही भक्कम पुराव्याचे आहेत की! हॉलंडमध्ये १३४ स्त्रियांवर अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. हाताला लागणारी गाठ काढताना निम्म्या ऑपरेशनांत थिएटरमध्येच सोनोग्राफी लावून कड बघत कापलं. बाधित मार्जिन निघाली ३ टक्क्यांत. नुसत्या हाताच्या अंदाजाने कापलं तिथे १७ टक्क्यांत. सोनोग्राफी तर गल्लोगल्ली आहे. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं, वाटेल तिथे हलवता येत नाही, आणि तो कायदा हवाच. पण नियमात राहून थिएटरसाठी मशीन नोंदवता येतं. अमेरिकेत येल विद्यापीठात २३५ पेशंटवर झालेला अभ्यास २०१५ सालचा. गाठ काढून झाल्यावर खाचेच्या सगळ्या बाजूंची आणखी एक पातळ चकती काढली. बाधित मार्जिन ३४ टक्क्यांवरून १९ वर आलं, दुसऱ्या ऑपरेशनचं प्रमाण २१ वरून १० टक्क्यांवर. या चकत्यांना नवं मशीन लागत नाही. सुरी तीच, हात तोच. फक्त प्रत्येक चकती वेगळ्या बरणीत, बाजू लिहून! फ्रोझन सेक्शनची सोय असेल तर टेबलावरच उत्तर मिळतं. ती नसेल तर काच कडेला टेकवून ठसा घेऊन तपासता येतं, त्याला पॅथॉलॉजिस्ट मात्र जवळ हवा.

लॅबवाल्यांनाही सोडणार नाही मी. शाई न लावता 'मार्जिन्स फ्री' असं दोन शब्दांत लिहून मोकळे होणारे रिपोर्ट दुसऱ्या लॅबमधून पुनर्तपासणीला आलेले मी पाहिलेत. कोणती बाजू, किती मिलिमीटर, काही नाही. असला रिपोर्ट म्हणजे लग्नपत्रिकेवर फक्त 'अगत्य येणे', तारीख नाही आणि मुहूर्तही नाही.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर होतो. आपल्या एवढ्या गोतावळ्यात कुणाला कधीच होणार नाही, असं समजून चालू नका. तेव्हा हे लिहून ठेवा, आणि वेळ आली तर डॉक्टरांना नम्रपणे पण न घाबरता विचारा:

१. गाठ काढण्याआधी ट्रूकट बायोप्सी (जाड सुईने तुकडा घेणं) करणार ना? आधी सुई, मग सुरी.
२. स्तन राखता येईल का? येणार नसेल तर कारण काय? हे पेशंटच्या समोर सांगा.
३. आधी केमो द्यायची असेल तर गाठीच्या जागी क्लिप बसवणार का?
४. काढलेल्या तुकड्याला दोरे बांधून, अखंड आणि भरपूर फॉर्मॅलिनमध्ये पाठवणार ना?
५. रिपोर्टमध्ये प्रत्येक बाजूचं मार्जिन मिलिमीटरमध्ये येईल का?

"डॉक्टरांना असं विचारलेलं चालतं का?" चालतं. चांगल्या सर्जनला राग येत नाही. याच सोलापुरात असे सर्जन आहेत ज्यांची बरणी उघडली की दोन दोरे, फॉर्मवर स्वच्छ अक्षरात बाजू आणि एक छोटी आकृती काढलेली असते. त्यांच्या बरण्या आम्ही लांबूनच ओळखतो. त्यांच्याकडे काही जादूचं मशीन नाही, आणि गर्दी तर इतरांपेक्षा जास्तच असते. म्हणूनच बाकीच्यांचं 'वेळ कुठे असतो' हे कारण मला पटत नाही. हे डॉक्टर कोटणीसांचं गाव आहे, इथे सर्जनकडून एवढी अपेक्षा ठेवणं फार झालं असं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी शेंगाचटणीवर लिहीन, कबूल. पण काकू, तोवर हे वरचे पाच प्रश्न भिशीच्या बायकांना वाचून दाखवा. 'स्तन' हा शब्द मोठ्याने म्हणायला लाज वाटली तर पहिल्यांदा हळू म्हणा. दुसऱ्यांदा जमतं.